मिनाचित्रांची मनगटी घड्याळे : घेण्यापूर्वी नेमके काय पाहावे?

निळी_तबकडी (धागाकर्ता)

नमस्कार. गेली दहा-बारा वर्षे मी यांत्रिक मनगटी घड्याळे जमवतो आहे. आजवर माझा ओढा साध्या, एकरंगी मिन्याच्या, म्हणजे एनॅमलच्या तबकड्यांकडे होता. अलीकडे मात्र सूक्ष्मचित्रे रंगवलेल्या तबकड्यांनी मला पुरते वेड लावले आहे. जेमतेम तीन सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात वादळात सापडलेली नौका, तिच्या शिडांच्या सुरकुत्या आणि मागचे काळवंडलेले आभाळ एवढे सगळे मावते, यावर प्रत्यक्ष पाहीपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता.

असेच एक घड्याळ सध्या माझ्यापुढे विक्रीसाठी आले आहे. केस (घड्याळाचे बाहेरचे आवरण) सोन्याची, यंत्र स्वयंचलित, तबकडीवर तीन डोलकाठ्यांचे गलबत. विक्रेत्याच्या पत्रकात ‘हाताने रंगवून भट्टीत भाजलेले मिनाचित्र’ असे लिहिले आहे, पण चित्रकाराचे नाव दिलेले नाही. यंत्राचे माझे मी पाहून घेईन. चित्राच्या बाबतीत मात्र मी अगदीच अडाणी आहे. हाताने रंगवलेले आणि छापलेले यांतला फरक कसा ओळखावा? डागडुजी झाली असल्यास ती दिसते का? आणि अशा घड्याळात मोल कंपनीच्या नावाला द्यावे की चित्राला? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

भिंगवाले

निळी_तबकडी, विषय उत्तम निवडलात. पत्रकातल्या शब्दांकडे वळण्यापूर्वी ही वस्तू तयार कशी होते ते नीट समजून घ्यावे, कारण काय पाहायचे याची बहुतेक उत्तरे त्या प्रक्रियेतच दडलेली आहेत.

मिना म्हणजे काचेची पूड. ती धातूच्या पत्र्यावर पसरून साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की वितळून पत्र्याला घट्ट धरते. रंग येतो तो धातूंच्या ऑक्साइडांमुळे: कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा किंवा फिरोजी, मँगनीजने जांभळा, सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी गुलाबी ते माणकासारखा लाल, आणि कथिलाच्या ऑक्साइडने अपारदर्शक पांढरा. काच आणि धातू निवताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. त्यामुळे मिना एकाच बाजूला दिला तर पत्रा वाकतो आणि काच तडकते. म्हणून तबकडीच्या मागच्या, कधीही न दिसणाऱ्या बाजूलाही मिन्याचा थर द्यावा लागतो.

चित्र काढण्याची पद्धत अशी. आधी पांढऱ्या मिन्याचे थर एकावर एक भाजून गुळगुळीत जमीन तयार करतात. मग अत्यंत बारीक घोटलेले रंग तेलात कालवून, मोजक्या केसांच्या कुंचल्याने, सूक्ष्मदर्शकाखाली चित्र उतरवायला सुरुवात होते. थोडे रंगवायचे, तेल सुकवायचे, भट्टीत मिनिटभर घालायचे, बाहेर काढून पाहायचे आणि पुन्हा रंगवायचे. ज्या रंगांना जास्त आच सोसते ते आधी येतात आणि नाजूक रंग शेवटी, कारण आधी लावलेल्या प्रत्येक रंगाला पुढची प्रत्येक फेरी सोसावी लागते. एका तबकडीच्या पंधरा-वीस फेऱ्या होणे नवलाचे नाही. अठराव्या फेरीत एक बुडबुडा फुटला किंवा तडा गेला, तर आधीच्या सतरा फेऱ्यांचे काम वाया जाते. तैलचित्रातली चूक खरवडून काढता येते; इथे ती सोय जवळपास नसतेच.

शेवटी जिनिव्हाच्या परंपरेत चित्रावर रंगहीन, पारदर्शक मिन्याचे थर देऊन ते दगडाने घासून सपाट करतात आणि पुन्हा चकाकी आणतात. या थराला ‘फोंदाँ’ म्हणतात. त्यामुळे चित्र पृष्ठभागावर चिकटवल्यासारखे न दिसता स्वच्छ पाण्याच्या तळाशी असल्यासारखे भासते. तबकडी तिरपी धरून पाहिलीत तर ही खोली जाणवते.

आता भिंगाबद्दल. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. हाताने भरलेल्या चित्रात ठिपके आणि फटकारे असमान असतात आणि त्यांच्या कडा आचेने किंचित विरघळलेल्या दिसतात. छापील चित्रात एकसारख्या अंतरावर ओळीने मांडलेले ठिपके किंवा कातरीने कापल्यासारख्या कडा आढळतात. काट्यांसाठी तबकडीच्या मधोमध जे भोक असते त्याची कड अवश्य पाहावी: भाजलेला मिना तिथे ओठासारखा गोलाईने उतरतो, तर लाखेचा किंवा राळेचा थर बहुधा धारदार संपतो. एखाददुसरा सूक्ष्म बुडबुडा दिसला तर घाबरू नये.

जुना_पत्ता

वरच्या उत्कृष्ट प्रतिसादाला थोडी इतिहासाची जोड देतो, कारण घड्याळ आणि मिनाचित्र यांची सोयरीक मनगटी घड्याळापेक्षा जवळजवळ तीनशे वर्षे जुनी आहे.

पांढऱ्या मिन्यावर अशा प्रकारे चित्र रंगवण्याची रीत १६३० च्या सुमारास फ्रान्समधील शातोदँ येथील सोनार झाँ तुतँ यांनी रूढ केली, असे मानले जाते. जवळचेच ब्ल्वा हे शहर तेव्हा घड्याळांसाठी नावाजलेले होते, त्यामुळे खिशातल्या घड्याळांच्या डब्यांवर ही चित्रे लवकरच उमटू लागली. जिनिव्हात जन्मलेले झाँ पेतितो (१६०७ ते १६९१) यांनी इंग्लंडमध्ये पहिल्या चार्ल्ससाठी आणि पुढे फ्रान्समध्ये चौदाव्या लुईसाठी मिन्यावर व्यक्तिचित्रे काढली. १६८५ मध्ये लुईने प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा आदेश रद्द केला. वृद्ध पेतितोंना तुरुंगवास घडला आणि अखेर ते स्वित्झर्लंडला परतले. त्या काळात फ्रान्समधून बाहेर पडलेल्या कारागिरांमुळे जिनिव्हाच्या घड्याळकामाला आणि मिनाकारीला मोठेच बळ मिळाले.

जिनिव्हातल्या युओ कुटुंबाचे नाव प्रत्येक संग्राहकाने लक्षात ठेवावे. पिता प्येर आणि त्यांचे तीन पुत्र यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात घड्याळांचे डबे रंगवले. पुत्रांपैकी झाँ-प्येर आणि आमी हे दोघे ब्रांडेनबुर्गच्या दरबाराचे चित्रकार झाले. मुद्दा असा की, ही मंडळी आपल्या कामावर सही करत असत. डबा बनवणारा एक, यंत्र बनवणारा दुसरा, आणि चित्रकार तिसरा. तरी सही चित्रकाराची. धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला यातच दिसते.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्यात चिनी बाजारपेठेसाठी फार देखणी घड्याळे बनली. कडेला अर्धमोत्यांची ओळ आणि पाठीवर मिनाचित्र असलेली ही घड्याळे पुष्कळदा जोडीने बनत, आणि जोडीतल्या एका घड्याळावरचे चित्र दुसऱ्यावर आरशातल्यासारखे उलटे असे. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या बोव्हे या संस्थेची कीर्ती याच व्यापारावर उभी राहिली.

सेकंदकाटा

इतिहास रंजक आहे. पण प्रश्न मनगटी घड्याळांचा आहे. मनगटी घड्याळांतील मिन्याचे सर्वांत मोठे नाव पाटेक फिलिप या स्विस कंपनीचे. १९५३ मध्ये आलेले २५२३ क्रमांकाचे, जगभरच्या वेळा दाखवणारे घड्याळ घ्या. त्याच्या काही नगांत मधोमध खंडांचे मिनाचित्र असते. संग्राहकांत त्याच्याइतकी मागणी क्वचितच कशाला असेल. म्हणून नाव आधी, चित्र नंतर, असे माझे मत आहे.

भिंगवाले

सेकंदकाटा, एक दुरुस्ती सुचवतो. २५२३ च्या मधोमध असलेला नकाशा हे सूक्ष्मचित्र नव्हे; ते क्ल्वाझॉने आहे. त्यात सोन्याची केसासारखी तार वाकवून आधी कप्पे बनवतात आणि मग प्रत्येक कप्प्यात रंगीत मिना भरून भाजतात. भिंगाखाली रंगांच्या सीमेवर ती तार चमकताना स्पष्ट दिसते. सूक्ष्मचित्रात असे कुंपण नसते. एक रंग दुसऱ्यात कुंचल्यानेच मिसळलेला असतो. धातू कोरून खळगे करायचे आणि ते मिन्याने भरायचे ही शाँप्लव्हे नावाची तिसरी रीत, आणि यंत्राने नक्षी कोरलेल्या धातूवर पारदर्शक मिना देणे ही चौथी. विक्रीच्या पत्रकांत या सगळ्यांना सर्रास ‘हाताने रंगवलेले’ म्हटले जाते, आणि नवखा संग्राहक पहिल्यांदा ठेचकाळतो तो इथेच. क्ल्वाझॉने कमी प्रतीचे असते असे मी मुळीच म्हणत नाही. पण दोन्हींचे गुण वेगळे आणि दोषही वेगळे.

सेकंदकाटा

दुरुस्ती मान्य. तरीही नावाबद्दलचे माझे मत कायम आहे.

शाई_आणि_सोने

नावाच्या वादात मीही उतरते. जिनिव्हाच्या विसाव्या शतकातील मिनाचित्रकारांत कार्लो पोलुत्सी हे मोठे नाव. सुझान रोर त्यांच्याकडे शिकल्या आणि पुढे अनेक दशके त्यांनी पाटेक फिलिपसाठी मिनाचित्रे काढली. रोर यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झालेल्या अनिता पोर्शे आज या क्षेत्रातील सर्वाधिक मानाच्या स्वतंत्र मिनाकार मानल्या जातात. २०१७ च्या जिनिव्हा घड्याळ पारितोषिकांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार या दोघींना मिळून देण्यात आला. तो कोणत्याही कंपनीला नव्हता.

पोर्शे यांनी एकाच नव्हे, तर अनेक कंपन्यांसाठी काम केले आहे. म्हणजे तबकडीवर छापलेले नाव बदलते, हात तोच राहतो. अशा वेळी केवळ छापील नावाच्या जोरावर दोन घड्याळांची तुलना करणे म्हणजे चौकट पाहून चित्राची पारख करण्यासारखे आहे. काही तबकड्यांवर चित्रकाराची सही किंवा आद्याक्षरे असतात. ती बहुधा कडेला, आकड्यांच्या सावलीत किंवा चित्रातल्या एखाद्या दगडावर, गवतात दडलेली असतात. धागाकर्त्यांनी ती शोधावी. सही नसली म्हणून चित्र खोटे ठरत नाही, कारण कित्येक कंपन्या आपल्या कारागिरांची नावे आजही पुढे येऊ देत नाहीत. ती प्रथा मला खटकते, हे नमूद करून ठेवते.

आडवा_तिडवा

मला एक मूलभूत शंका आहे. यातली निम्मी चित्रे तर नक्कल असतात! व्हाशरोन कॉन्स्टँटिनने २०१० मध्ये पॅरिसच्या ऑपेरा सभागृहाच्या छतावरील, चित्रकार मार्क शगालचे चित्र तबकडीवर उतरवण्याची मालिका काढली. जेजे-ल्कूल्त्र कंपनीच्या रिव्हर्सो या घड्याळावर जपानी चित्रकार होकुसाईचे धबधबे येतात. मूळ चित्र दुसऱ्याचे, कारागिराने ते लहान केले. याला कला म्हणावे की कौशल्य?

शाई_आणि_सोने

आडवा_तिडवा, शगालच्या मालिकेतल्या तबकड्या पोर्शे यांनीच रंगवल्या आहेत. छत १९६४ मध्ये खुले झाले. ते अनेक मीटर उंचीवरून, मान वर करून पाहण्यासाठी आहे. तेच रंग हातभर अंतरावरून पाहायच्या तबकडीवर आणायचे तर नुसते लहान करून भागत नाही. काय गाळायचे, कोणती आकृती एका फटकाऱ्यात सुचवायची, शगालचा तो विशिष्ट पिवळा कोणत्या ऑक्साइडातून, कितव्या फेरीत मिळवायचा, हे सारे निर्णय चित्रकाराचे. शिवाय भट्टीत जाण्याआधी रंग जसा दिसतो तसा तो बाहेर आल्यावर दिसत नाही. म्हणजे डोळ्यांना एक रंग दिसत असताना मनात दुसरा धरून रंगवायचे. गायक दुसऱ्याने बांधलेली चीज गातो, म्हणून त्याला आपण नक्कल करणारा म्हणत नाही.

होकुसाईबाबत मात्र तुमचा आक्षेप थोडा विचार करण्याजोगा आहे. मूळ कृती लाकडी ठशांचे छापे आहेत. ठशाची रंगछटा, ती हळूहळू फिकट होत जाणे, कागदाचा पोत हे सगळे कुंचल्याने आणि काचेने दाखवायचे, म्हणजे एका तंत्राने दुसऱ्या तंत्राचे सोंग घ्यायचे. मला ते सोंग आवडते. न आवडणाऱ्यांचेही मी समजू शकते.

जुना_पत्ता

रिव्हर्सोचा उल्लेख आलाच आहे म्हणून एक गोष्ट. १९३१ मध्ये ते घड्याळ बनले ते पोलो खेळताना काच फुटू नये म्हणून. केस उलटी फिरवली की धातूची पाठ वर येते. ती पाठ मिनाचित्रासाठी आदर्श ठरली, कारण तिथे काटे नाहीत, आकडे नाहीत आणि मधोमध भोकही नाही. इतर घड्याळांत चित्रकाराला आपल्या रचनेच्या ऐन मध्यावर एक भोक पडणार आणि त्यावरून दोन काटे सतत फिरणार हे धरूनच चित्र मांडावे लागते. चांगल्या तबकडीत घोड्याचा डोळा किंवा बाईचा चेहरा मध्यावर कधीच येत नाही, हे एकदा लक्षात आले की मग दिसतच राहते. १९९० च्या दशकात मिक्लोश मेर्त्सेल यांनी त्या कंपनीत मिनाकारीची कार्यशाळा उभी केली, तेव्हा त्यांच्या हाती हाच पाठीचा आयत आला.

हातचे_राखून

डागडुजीच्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. तो फारसा अभिमानास्पद नाही.

काही वर्षांपूर्वी एका लिलावात मी खंड्या पक्ष्याचे मिनाचित्र असलेले घड्याळ घेतले. स्थितीच्या अहवालात तबकडी ‘उत्तम’ म्हटली होती आणि छायाचित्रेही मोठी, स्पष्ट होती. घरी आल्यावर दोन महिने मी ते रोज काढून पाहत असे. मग एका संग्राहक मित्राने सहज म्हणून अंधाऱ्या खोलीत त्यावर अतिनील दिवा धरला. चारच्या आकड्याजवळ, खंड्याच्या शेपटीखाली, डाळीच्या दाण्याएवढा एक डाग दुधाळ निळा उजळला. उरलेली तबकडी काळीभोर. मिन्याचा टवका उडाला होता आणि कोणीतरी तिथे राळ भरून, वरून रंगवून, घासून सपाट केले होते. काम इतके सफाईदार होते की दिवसाच्या उजेडात भिंगानेही मला काही दिसले नव्हते. लिलावसंस्थेकडे विचारणा केली तेव्हा, अहवाल म्हणजे केवळ मतप्रदर्शन आहे आणि वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकली आहे, असे सभ्य भाषेतले उत्तर आले.

यातून दोन गोष्टी शिकलो. पहिली, अतिनील दिव्याखाली पाहिल्याशिवाय यापुढे तबकडी घ्यायची नाही. सगळ्याच राळा उजळतात असे नाही आणि काही मिनेही थोडे उजळतात, पण आजूबाजूच्या भागापेक्षा एखादा ठिपका वेगळा दिसला तर तिथे प्रश्न विचारायलाच हवा. दुसरी, राळेची डागडुजी हा गुन्हा नाही. ती लपवणे हा गुन्हा आहे. फुटलेला मिना पुन्हा भट्टीत घालणे बहुतेक वेळा अशक्यच असते, कारण जुने तडे पसरतात, रंग बदलतात आणि तबकडीच्या मागे डाक लावून बसवलेले पायही सुटू शकतात. तेव्हा जुन्या वस्तूला थंड डागडुजीशिवाय पर्याय नसतो. ती लिहून मात्र दिली पाहिजे.

‘थंड मिना’ या शब्दाबद्दलही सावध राहावे. ती राळ असते, काच नव्हे. दिसायला छान असते, पण भट्टीशी तिचा काहीही संबंध नाही.

सेकंदकाटा

अनुभव प्रांजळपणे लिहिल्याबद्दल आभार. असे घड्याळ वापरावे की कपाटात ठेवावे, यावर तुमचे मत काय?

हातचे_राखून

मी वापरतो, पण कमी. उन्हाची भीती बाळगू नये, कारण रंग काचेत वितळलेल्या ऑक्साइडांचे आहेत. ते कापडासारखे विटत नाहीत. सतराव्या शतकातले डबे संग्रहालयांत आजही कालच भट्टीतून काढल्यासारखे दिसतात. भीती आहे ती धक्क्याची आणि पत्रा वाकण्याची. सर्वाधिक तबकड्या मनगटावर नव्हे, तर दुरुस्तीच्या टेबलावर जखमी होतात: काटे उपटताना हत्याराचा दाब भोकाच्या कडेवर येतो, किंवा तबकडीचे पाय धरून ठेवणारे स्क्रू जरा जास्त आवळले जातात. म्हणून यंत्र खोलण्यापूर्वी तबकडीची जवळून घेतलेली छायाचित्रे काढून ठेवावीत आणि मिन्याच्या तबकड्या हाताळण्याची सवय असलेल्या कारागिराकडेच काम द्यावे. श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) लहरींच्या स्वच्छता-यंत्रात मिनाचित्र असलेला कोणताही भाग जाऊ नये, हे लेखी सांगावे.

जुना_पत्ता

पुस्तकांतील छायाचित्रांवर नजर तयार होत नाही, एवढेच जोडतो. जिनिव्हातील पाटेक फिलिप संग्रहालयात (ते २००१ मध्ये सुरू झाले) सतराव्या शतकापासूनची मिनाकारी आहे. पेतितोंची व्यक्तिचित्रे पाहायची तर लूव्हरमध्ये आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहेत. जिनिव्हाचे घड्याळे आणि मिनाकारीचे जुने संग्रहालय मात्र २००२ मधील मोठ्या चोरीनंतर बंद पडले. जुन्या जिनिव्हाच्या कामाचा व्यवहार करताना मूळ मालकीची कागदपत्रे मागण्यास संकोच करू नये, यामागे हेही एक कारण आहे.

निळी_तबकडी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल विक्रेत्याकडे भिंग आणि अतिनील दिवा दोन्ही घेऊन गेलो. त्यांनी हरकत घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

दिव्याखाली काही निघाले नाही. तबकडी सर्वत्र सारखी काळी. भोकाची कड भिंगवाले यांनी सांगितल्याप्रमाणे गोलाईने उतरलेली आहे. तिरपे धरल्यावर चित्राला खोलीही आहे. म्हणजे मिना खरा आणि भाजलेला. आभाळ आणि पाणी यांतले फटकारे असमान आहेत, एका लाटेच्या फेसात तर कुंचल्याचे टोक कुठे उचलले तेही दिसते.

मात्र गलबताच्या दोरखंडांवर भिंग धरले आणि शंका आली. तिन्ही डोलकाठ्यांचे दोर एकाच जाडीचे, एकाच काळपट तपकिरी रंगाचे, आणि प्रत्येक रेष सारख्या अंतरावरच्या बारीक ठिपक्यांची बनलेली. हे काय असावे?

भिंगवाले

भाजण्याजोग्या रंगात छापलेली आकृती तबकडीवर उतरवायची, ती भाजून पक्की करायची आणि मग आतले भाग हाताने रंगवायचे, अशी एक मधली पद्धत आहे. ओळखायला सर्वांत कठीण तीच, कारण मिना खरा असतो, आच खरी असते आणि बराचसा हातही खरा असतो. खोटे असते ते पत्रकातले एकच क्रियाविशेषण. विक्रेत्याला त्या रेषा दाखवल्यात का?

निळी_तबकडी (धागाकर्ता)

दाखवल्या. त्यांनी स्वतः भिंगातून बराच वेळ पाहिले आणि ‘असे आमच्या लक्षात आले नव्हते’ असे म्हणाले. ते खरे असावे असे मला वाटले. पत्रक बदलून देण्याची तयारी त्यांनी दाखवली आहे.

घ्यायचे नाही असे ठरवूनच मी घड्याळ परत खोक्यात ठेवत होतो. तेवढ्यात दहाच्या आकड्याजवळ, आभाळात, एक समुद्रपक्षी दिसला. तीन फटकारे, बस्स. डावा पंख जरा लांब झाला आहे आणि त्याची कड आचेने विरघळून ढगात मिसळली आहे. छापील रेषांशी त्याचा काही संबंध नाही, आणि रचनेला त्याची गरजही नाही. आकृती भरून झाल्यावर कोणीतरी तो आपल्या मनाने काढला असावा. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे.

शाई_आणि_सोने

त्या पक्ष्याचे जवळून घेतलेले छायाचित्र असल्यास कृपया येथे द्यावे. आणि पुन्हा जाल तेव्हा त्याच्या खालचा ढग नीट पाहावा. सही असलीच तर तिथे असेल.